शेजारचा क्लच

१

दिवसभर दुसऱ्यांच्या भीतीशेजारी बसून काढल्यावर संध्याकाळी थोरलीला स्वतःच्या आनंदात जाऊन बसायची घाई व्हायची. तिची ड्रायव्हिंग स्कूल होती. म्हणजे वडिलांची होती, त्यांच्यामागे ती चालवत होती. सकाळपासून कुणी ना कुणी घामेजल्या हातांनी स्टिअरिंग धरायचं, समोर ट्रक दिसला की डोळे मिटायचं, आणि ही शेजारच्या सीटवर बसून, आपल्या बाजूच्या जादा पेडलांवर पाय ठेवून, काही होत नाही, चला, म्हणायची. शेवटचा शिकाऊ घरी पोचता केला की ती थेट मिस्त्रीच्या गॅरेजात. तिथं ताडपत्रीखाली तिची गाडी उभी असायची, आणि ती ताडपत्री ओढताना पन्नाशीला टेकलेली ही बाई स्वतःशीच हसायची.

गाडी तशी म्हातारी. एके काळी हीच स्कूलची गाडी होती, अर्धं गाव तिच्यावर शिकलं. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर शेजारच्या सीटवर, त्यांच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक, तिकडून दाबलं की चालवणाऱ्याकडचं पेडलही खाली जायचं, आणि कुणी पहिल्यांदा चालवायला बसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं. "घाबरू नका. माझे पाय आहेत ना." पुढं गाडी निवृत्त झाली, मग मास्तर निवृत्त झाले, आणि एका पहाटे ते झोपेतच गेले.

त्यानंतर थोरलीनं कित्येक वर्षं मनात दाबून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. गाडी रॅलीची करायची. बघता बघता आतल्या गाद्या गेल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसला, जुन्या इंजिनाच्या जागी मोठं इंजिन आलं आणि त्याच्यावर दोन कार्बोरेटर चढले. शेजारची जादा पेडलं मिस्त्रीनं काढून टाकली आणि त्यांची भोकं वेल्ड करून बुजवली. त्या सीटवर आता तिची धाकटी बहीण बसणार होती. धाकटी शाळेत भूमिती शिकवायची, तिला गाडी चालवता यायची नाही, पण पुढचं वळण किती कोनाचं आहे हे वाचून दाखवायला तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

महिनाअखेरच्या रविवारी डोंगरातल्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची रॅली होती. चालक म्हणून थोरलीचं नाव लागलं होतं, आणि तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

कारण काय ते सांगायला हवं. मास्तरांनी साऱ्या गावाला शिकवलं आणि ज्याचा हात बसला त्याच्यावरून आपला पाय काढून घेतला. थोरलीवरून मात्र त्यांनी तो कधी काढला नाही. लायसन मिळून केस पांढरे व्हायला लागले तरी ती या गाडीत बसली की ते शेजारी असायचेच. ती रंगात आली, वेग चढला, की एकदम गाडीतला जीव जायचा. इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं सैल पडायची. तिकडून क्लच दाबलेला असायचा. ते रागावायचे नाहीत. अजून हात बसला नाही तुझा, एवढंच म्हणायचे. म्हणून एकदा, निदान एकदा, याच गाडीतून, कुणाच्याही पायाशिवाय पूर्ण जोरात जायचं, एवढं एकच तिला हवं होतं.

२

पहिली चाचणी त्यांनी बंद पडलेल्या दगडखाणीच्या रस्त्यावर घेतली. तिथं आता कुत्रंही फिरकत नव्हतं. ऊन उतरणीला लागलं होतं, रस्ता कोरडा होता, आणि थोरलीनं पहिल्यांदा पाय खाली नेला तेव्हा गाडीनं अशी काही उडी घेतली की धाकटीच्या हातातले कागद मांडीवरून खाली गेले. दोघी बहिणी शाळेतल्या मुलींसारख्या हसत सुटल्या. चढ गाडीनं सहज खाल्ला. वर सरळ रस्ता लागला, चौथा गियर पडला, समोर लांब वळण दिसायला लागलं, आणि थोरलीच्या अंगात आलं.

तेवढ्यात गाडी सैल पडली. इंजिनाचा आवाज टिपेला गेला, काटा वर चढला, पण गाडी काही चढेना. जळकट वास आला. वळण संपलं आणि सगळं पुन्हा जागेवर बसलं.

मिस्त्रीला यात नवल वाटलं नाही. त्यानं नुसत्या वासावरून सांगितलं की क्लच घसरतोय. क्लच म्हणजे तरी काय, इंजिनाकडची थाळी आणि चाकांकडची थाळी एकमेकींना दाबून धरतात. पेडल दाबलं की सुटतात, सोडलं की धरतात. इंजिन झालं पहिलवान आणि थाळी राहिली जुनी, मग धरणार कशी? नवा, दणकट क्लच टाकायचा की काम झालं. थोरलीचा जीव भांड्यात पडला. नवा भाग घ्यायचा म्हटल्यावर तिला उलट उत्साहच आला.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. क्लच घसरायचाच तर चढावर घसरतो. तिथं ओढ जास्त असते. चढ तर गाडीनं हूं की चूं न करता पार केला होता. घसरला तो सपाटीवर, वळणाच्या तोंडाशी. मिस्त्री म्हणाला बघू, आणि एकटाच चालवून आला. धूळ उडवत, त्याच वळणातून, तिच्यापेक्षा जोरात. परत येऊन त्यानं दार उघडलं आणि कपाळ पुसलं.

"मला तर हिनं काही नखरा दाखवला नाही, ताई."

तोवर क्लचची प्लेट थंड झाली असेल, असं दोघांनी ठरवून टाकलं.

३

क्लचचं दुकान सुट्या भागांच्या गल्लीत, पार टोकाला होतं. दुकान कसलं, बोगदा होता. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि शेवटी काचेच्या टेबलामागे जाड भिंगांचा दुकानदार. बोलका इतका की गिऱ्हाइकानं काय मागितलं हे त्याला मध्येच विसरायला व्हायचं. थोरलीनं जळलेली प्लेट पुढ्यात ठेवली. त्यानं ती नाकाशी नेली, उलटसुलट केली, नखानं खरवडली.

मग तो म्हणाला की मॅडम, ही ताकदीनं जळलेली नाही. एकदम ताण पडून जळते तिचे डाग वेगळे असतात. ही रोज थोडी थोडी, सवयीनं जळली आहे. तुम्ही पेडलवर पाय ठेवून चालवता.

थोरलीला हे फार लागलं. पाय ठेवून? ती? लहानपणी शिकताना तिचा डावा पाय जरा जरी क्लचवर रेंगाळला तर मास्तर वर्तमानपत्राची सुरळी करून गुडघ्यावर टपली मारत. तेव्हापासून गियर बदलून झाला की तिचा पाय जमिनीवर जायचा, झोपेतसुद्धा गेला असता. तिनं तसं चांगलं ठणकावून सांगितलं. दुकानदारानं मान डोलावली, आणि असं सगळेच म्हणतात अशा चेहऱ्यानं खोकी काढायला घेतली.

आणि खोकी निघाल्यावर थोरलीचा राग कुठल्या कुठं गेला. एक प्लेट होती नेहमीच्याच अस्तराची, पण तिला दाबून धरणारी स्प्रिंग चांगली दणकट. दुसरी होती बटणांची. तिच्यावर सलग अस्तर नव्हतंच, नुसते तांबूस, खरबरीत तुकडे गोलाकार बसवलेले, आणि तिची स्प्रिंग तर पहिलीपेक्षाही राक्षसी. ही धरते म्हणजे धरते, दुकानदार म्हणाला. हिला अर्धंमुर्धं काही कळत नाही, आणि पेडल इतकं जड की गर्दीत चालवलं तर गुडघा रडायला लागेल. तिसरी दोन प्लेटांची, ती या गाडीच्या पोटात मावलीच नसती. थोरलीनं बटणांची प्लेट हातात घेऊन बोट फिरवून पाहिलं. दुकानाच्या काचेतल्या दागिन्याकडे बघावं तशी ती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग शहाण्यासारखी पहिली घेऊन आली.

४

पहिलीनं बरोबर एक आठवडा सुख दिलं. गाडी नुसती पळत होती. थोरली शिकाऊंना शिकवताना गुणगुणायला लागली, धाकटी शाळेतून थेट गॅरेजात यायला लागली. मिस्त्रीच्या बायकोनं या दोघींना आता इथंच अंथरूण घाला म्हणून सांगितलं.

मग खाणीच्या रस्त्यावर पुन्हा तेच झालं. चढावर नाही. सरळीत, चौथ्या गियरमध्ये, वळण दिसल्यावर, आणि थोरलीला सगळ्यात जास्त मजा येत असतानाच.

दुसऱ्या फेरीत तिनं एक गोष्ट केली. का केली, हे तिला सांगता आलं नसतं. गियर बदलून झाल्यावर तिनं डावा पाय जमिनीवर न ठेवता क्लचच्या पेडलखाली सरकवला. म्हणजे पेडल वर, आणि तिचा बूट त्याच्याखाली. सरळ रस्ता आला. मधे दोन बोटांची फट होती. वळण दिसलं.

पेडल बुटावर येऊन टेकलं.

आपटलं नाही की थरथरलं नाही. सावकाश टेकलं, थांबलं, आणि मग दाब वाढत गेला. तो दाब थोरलीनं ओळखला, कारण तो तिचा रोजचा होता. शेजारच्या सीटवरून शिकाऊला कळू न देता क्लच अर्धा दाबायचा असतो तेव्हा पाय असाच पडतो. तिनं पाय तसाच ठेवला. बुटाच्या आत बोटं दुखायला लागली. वळण गेलं आणि दाब उचलला गेला.

गॅरेजात येईपर्यंत तिनं स्वतःची समजूत काढून ठेवली होती. मोठं इंजिन जोरात असताना जागच्या जागी डुलतं, त्याचे रबरी पाये जुने असतील, इंजिन डुललं की क्लचची केबल ओढली जाते, केबल ओढली की पेडल खाली जातं. असं होतं, खरंच होतं, मिस्त्रीनंही मान्य केलं आणि पाये बदलून टाकले. काढलेले पाये चांगले टणक निघाले. ते त्यानं नुसते तिच्या हातात दिले. आणि केबल ओढली जायची तर चढावर जास्त ओढली जायला हवी, हे थोरलीनं कानामागे टाकलं.

५

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी एक बँकेतला कारकून होता. शिकायला येऊन त्याला बरेच दिवस झाले होते आणि तो चांगला चालवत होता. नाक्यावरून डावीकडे वळताना त्यानं जरा धिटाईनं वेग ठेवला, ठेवायला हवा होता तेवढाच. गाडी सैल पडली.

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं. मॅडम, तुम्ही दाबलं का, असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. मग तिनं खाली पाहिलं. तिचा डावा पाय क्लचवर होता, अर्धा दाबलेला. तो तिथं कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं.

ती ओशाळली. शेजारी बसणाऱ्याचे पाय असेच असतात. ते विचारून जात नाहीत. ती पहिल्यांदा शिकवणारी म्हणून त्या सीटवर बसली त्या दिवशी मास्तरांनी तिला एकच नियम दिला होता. तो नियम तिनं इतके दिवस पाळला होता की आता तो नियम वाटतच नव्हता. आधी क्लच. वेगात, वळणात ब्रेक दाबला तर गाडी हातातून निसटते, फिरते, उलटते. म्हणून आधी क्लच दाबून तिचा जोर काढायचा. तरीही गाडीनं ऐकलं नाही, तरच ब्रेक.

तिला आणखीही एक आठवलं. मास्तरांना शेवटी शेवटी दवाखान्यात न्यावं लागायचं ते तिच्या साध्या गाडीतून. त्या गाडीला शेजारी पेडलं नव्हतीच. तरी सगळ्या वाटेभर, डोळे मिटलेले असताना, त्यांचा डावा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा, उचलला जायचा. तेव्हा तिला हसू आलं होतं आणि रडूही आलं होतं. तिनं मुद्दाम गाडी हळू घेतली होती.

६

हे सगळं धाकटीला सांगायचं की नाही, याचा थोरलीनं दोन दिवस घोळ घातला. धाकटी म्हणजे कोनमापक घेऊन जन्माला आलेली. ती हसेल याची भीती नव्हती. ती न हसता ऐकून घेईल याची होती.

शेवटी गॅरेजात, भर दुपारी, दोघी गाडीत नुसत्याच बसल्या असताना थोरलीनं सांगून टाकलं. बाहेर मिस्त्री कुठलंसं पत्र्याचं दार ठोकत होता. धाकटीनं सगळं ऐकलं आणि आपल्या पायांकडे पाहिलं. ते तिनं सीटखाली आखडून घेतले होते, गुडघे एका बाजूला कलते करून. बाकावर तिघं बसल्यावर मधला बसतो तशी ती बसली होती. थोरलीच्या आता लक्षात आलं की ती या गाडीत नेहमी अशीच बसते.

"ताई, मला वाटायचं पिंजऱ्याच्या पाइपामुळं असेल," धाकटी म्हणाली. "पण पाइप तर इकडं आहे. पाय पुढं घ्यायला गेले की मला वाटतं, तिथं जागा नाहीये."

थोरली खाली उतरली, पलीकडून आली, दार उघडून वाकली. आतली जमीन तिनं स्वतःच्या हातानं रंगवली होती, करड्या रंगाचे दोन हात दिले होते. पुढं, धाकटीचे पाय पोचणार नाहीत इतक्या पुढं, डाव्या अंगाला रंग घासून गेला होता. छोटासा गोल, आत चकचकीत पत्रा. टाच एका जागी टेकवून चवडा वरखाली केला तर पडतो तसा. बुजवलेल्या क्लचच्या बरोबर खाली. त्याच्या उजवीकडचा, बुजवलेल्या ब्रेकखालचा रंग मात्र कोरा करकरीत होता.

मिस्त्रीनं काम करताना स्टूल ठेवलं असेल, धाकटी म्हणाली. तिलाही ते पटलेलं नव्हतं. थोरलीच्या अंगावर काटा आला होता, हे खरं. पण खोटं कशाला बोला, त्याच्याहून जास्त तिला राग आला होता. जन्मभराचा साठलेला, लाडक्या माणसावरच येतो असला राग. साऱ्या गावाचा हात बसला. हिचाच बसला नाही.

रॅलीतून नाव काढून घेऊ या का, असं धाकटीनं विचारलं.  थोरली दार लावून सरळ सुट्या भागांच्या गल्लीकडे निघाली होती, आणि धाकटी, जराशी थांबून, तिच्यामागून धावत गेली.

७

बटणांची प्लेट बसवायला मिस्त्रीला दोन माणसांचं बळ लागलं. केबलही त्यानं जाड घातली, साधी तुटली असती. सगळं जुळवून झाल्यावर थोरली आत बसली आणि पेडल दाबलं. दाबलं म्हणजे दाबायला गेली. पाठ सीटला रोवून, दात आवळून, सगळा जोर लावला तेव्हा कुठं ते खाली गेलं. सोडल्यावर असं वर आलं की तिचा गुडघाच उडाला. मिस्त्री म्हणाला की ताई, हे रोजचं काम नाही, याला बैलाची मांडी पाहिजे. थोरली मात्र खूश होती. मास्तर म्हणजे काटकुळा माणूस, वजन काट्यावर कळेल न कळेल एवढं. तिच्या मनात हा हिशोब आला आणि तिचं तिलाच कसंतरी झालं, पण तो हिशोब चुकीचा नव्हता.

नवी प्लेट लगेच जोरात पळवायची नसते. आधी रुळवावी लागते. हळूहळू, थांबत, निघत, तिचं अंग तिच्या जोडीदाराच्या अंगाशी जुळवून घ्यावं लागतं. त्यामुळं रविवार येईपर्यंत थोरलीनं गाडी नुसती गावातून फिरवली, दूधवाल्याच्या चालीनं. निघताना गाडी थडथडायची, लोक माना वळवून बघायचे. पेडल एकदाही आपणहून हललं नाही. हळू चालवताना ते तसंही कधी हललं नव्हतं, पण हे तिनं मोजणीत धरलं नाही.

शनिवारी संध्याकाळी गाडी पुसून झाल्यावर ती शेजारच्या रिकाम्या सीटपाशी थोडी थांबली. मिस्त्री हात धुवायला गेला होता.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "उद्या मी एकटी जाणार आहे. तुम्ही घाबरू नका."

सीट सीटच होती. तिनं ताडपत्री ओढली आणि बरं वाटून घरी गेली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

८

रविवारची हवा अशी होती की नुसत्या श्वासानं माणूस तरतरीत व्हावा. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या गाड्यांची रांग, पेट्रोलचा वास, कुणी बोनेटात डोकं घातलेलं, कुणी टायरावर लाथ मारून बघत असलेलं. लोक थोरलीला ओळखत होते. त्यातल्या बऱ्याच जणांना तिच्या वडिलांनीच शिकवलं होतं. मास्तर असायला हवे होते, असं जो तो म्हणून गेला. धाकटीनं हेल्मेटची पट्टी आवळली, वळणांचे कागद मांडीवर चापून घेतले आणि पाय सीटखाली आखडले.

झेंडा खाली आला. थोरलीनं सगळा जोर लावून धरलेलं पेडल सोडलं आणि प्लेटनं असं काही धरलं की दोघींची डोकी मागं आपटली. हीच ती पकड. इंजिन जेवढं देत होतं तेवढं सगळं, थेंबही न सांडता, चाकांत जात होतं. डावं वळण, दुसरा गियर. उजवं, अरुंद. चढ. धाकटीचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग तो चढला, मग ती जवळजवळ गायलाच लागली. थोरलीला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. गाडी हातात नव्हती, हातच झाली होती.

वर सरळ रस्ता लागला. तिसरा. चौथा. टोकाला लांब उजवं वळण, त्याच्या डाव्या अंगाला दगडांची बुटकी रांग, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ.

तिनं डावा पाय जमिनीवर रोवला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून क्लचच्या पेडलकडे पाहिलं.

ते हललं. केसभर खाली गेलं आणि वर आलं. पुन्हा गेलं. या वेळी त्याची थरथर दिसली. कुणीतरी सारी शक्ती पणाला लावली होती. राक्षसी स्प्रिंगनं दाद दिली नाही. तिसऱ्यांदा ते खाली जायला बघत होतं, बघत होतं, आणि मग सुटलं. वर येऊन गप्प उभं राहिलं. गाडी सैल पडली नाही. उलट ओढतच राहिली.

थोरली मोठ्यानं हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती, कारण जन्मात पहिल्यांदा तिच्यावर कुणाचा पाय नव्हता. वळण जवळ आलं तसा तिनं वेग सोडला नाही. सोडायची गरजच नव्हती, तिला ते वळण हातात जाणवत होतं, तिचा हात बसला होता.

"उजवं लांब," धाकटी म्हणाली. "मोकळं. पुढं आवळत..."

तिचं वाक्य तुटलं. गाडी वळणात शिरली होती. धाकटी कागदाकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, आपल्या पुढच्या जमिनीकडे, आणि पट्ट्यांत आवळलेली असूनही तिनं दोन्ही गुडघे छातीशी ओढून घेतले होते. मग अगदी हळू, वर्गात मूल चुकलं की बोलायची तशा आवाजात ती म्हणाली, "ताई, आता दुसरा पाय."

गाडीनं ऐकलं नाही, तर.

थोरलीनं खाली पाहिलं. तिचा डावा पाय जमिनीवर होता. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. मधल्या, ब्रेकच्या पेडलवर कुणाचाच पाय नव्हता, आणि ते खाली जायला लागलं होतं.